गन बदलण्याआधी

नवी मुंबईतल्या एखाद्या गॅरेजात पंधरा वर्षांची गाडी नेऊन 'मागचा डावा दरवाजा लॉक होत नाही' एवढेच सांगितले, की दरवाजाला हात लागण्याआधीच बहुधा निदान होऊन जाते : गन गेली. गन म्हणजे दरवाजाच्या पोटात बसवलेली छोटी विजेची मोटर, लॉकची दांडी ओढणारी आणि ढकलणारी. बाजारात ती काही शे रुपयांना मिळते, तासाभरात बसते, त्यामुळे निदानावर वाद घालत कोणी बसत नाही. पुढच्या पावसाळ्यात तोच दरवाजा पुन्हा रुसला, तर 'माल डुप्लिकेट निघाला' हे उत्तरही तयार असते. माल डुप्लिकेट असूही शकतो. तशा मालाचा आपल्याकडे तुटवडा नाही. पण जुन्या गाडीच्या सेंट्रल लॉकिंगमध्ये मोटर हा शेवटचा दुवा असतो. तिच्यापर्यंत वीज आणणारी तार आणि तिने हलवायची लोखंडी यंत्रणा, ही दोन्ही बहुतेक वेळा तिच्या आधी थकतात. इथल्या हवेत तर ती लवकरच थकतात. म्हणून तपासणीचा क्रम रूढ क्रमाच्या उलटा असायला हवा : आधी लोखंड, मग तांबे, आणि सगळ्यांत शेवटी मोटर.

हा क्रम का, ते लॉकची रचना पाहिल्यावर कळते. दरवाजा धरून ठेवणारी वस्तू विजेची नाहीच. दरवाजाच्या मागच्या कडेतला कॅच खांबावरच्या जाड खुंटीला पकडतो, आणि ही पकड निव्वळ यांत्रिक असते. हँडल ओढले की एक दांडी किंवा केबल तो कॅच सोडवते. लॉक म्हणजे हँडल आणि कॅच यांच्यामधला संबंध तोडणारी एक छोटी पट्टी. लॉक लागलेले असताना बाहेरचे हँडल हलते, पण त्याचा जोर कॅचपर्यंत पोचत नाही. ही पट्टी हलवण्याच्या वाटा तीन : बाहेरून किल्ली, आतून बोटाने दाबायची खुंटी आणि मोटर. तिन्ही वाटा शेवटी एकाच पट्टीला जाऊन मिळतात, त्यामुळे ती पट्टीच जाम झाली असेल तर मोटर कितीही नवी असून उपयोग नाही. मोटर चालते १२ व्होल्टवर. तिला दोन तारा असतात. एका दिशेने वीज दिली की दांडी वर, उलट दिशेने दिली की खाली. ही वीज सतत मिळत नाही, सेकंदाहूनही कमी वेळाचा एक झटका मिळतो, आणि दिशा उलटसुलट करण्याचे काम डॅशबोर्डखालच्या कंट्रोल युनिटमधले रिले करतात. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ड्रायव्हरच्या दरवाजातली गन पाच तारांची असते : दोन तारा मोटरच्या, उरलेल्या तीन एका स्विचच्या. दरवाजा आता लॉक आहे की उघडा, ही खबर तो स्विच युनिटला देतो आणि त्यावरून युनिट बाकीच्या दरवाजांना हुकूम सोडते. बाकीच्या गन दोन तारांच्या. त्यांनी फक्त ऐकायचे. कंपनीने बसवलेल्या यंत्रणांत तारांची संख्या वेगळी असू शकते, पण एक दरवाजा सांगणारा आणि बाकीचे ऐकणारे ही मांडणी जुन्या गाड्यांत बहुधा तशीच असते.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत या लॉकच्या दोन जाती सापडतात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीला विजेचे लॉक नव्हते, आणि डिसेंबर १९८३मध्ये आलेली मारुती ८००ही किल्लीवरच चालायची. पुढे नव्वदीच्या दशकात झेन, सँट्रो, इंडिका अशा गाड्या आल्या, पण स्वस्तातल्या मॉडेलना सेंट्रल लॉकिंग नसे. मग गाडी शोरूममधून निघाली की पहिला मुक्काम ॲक्सेसरीच्या दुकानात. तिथे नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या कंपन्यांचे किट बसवून घ्यायचे, ही तेव्हाची रीतच होती. त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या जुन्या गाडीत एक तर मोटर कॅचच्या डब्यातच बंद असते, किंवा बाहेरून बसवलेली वेगळी गन दरवाजाच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेली असते आणि तिची तारेसारखी दांडी कंपनीच्या मूळ दांडीला एका छोट्या स्क्रू क्लँपने धरलेली असते. दुसऱ्या जातीचे दुखणे बरेचदा त्या क्लँपमध्येच सापडते. दरवाजा आपटून आपटून स्क्रू सैल होतो, मोटर इमानाने ओढते, दांडी क्लँपमधून सरकते आणि लॉक आहे तिथेच राहते. यावर इलाज स्क्रू-ड्रायव्हरचा. गन बदलूनही लॉक सुरू होते ते नवी गन लावताना क्लँप पुन्हा आवळला जातो म्हणून, आणि श्रेय मात्र गनला मिळते. (पुण्यात १९९५पासून जुळणी होऊ लागलेल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू-१२४ची तऱ्हा याहून निराळी. तिथे लॉक हलवायला हवेचा पंप आणि दरवाजांपर्यंत गेलेल्या बारीक नळ्या होत्या. तशी गाडी कोणी अजून जपली असेल, तर त्याने तारेऐवजी गळती शोधावी.)

आता इथल्या हवेकडे वळू. ऐरोलीपासून वाशी-नेरूळपर्यंत शहराची पश्चिम बाजू ठाणे खाडीला लागून आहे, पूर्वेला पारसिकची डोंगररांग, तिच्या दगडखाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. म्हणजे एका अंगाने खारट दमट वारा आणि दुसऱ्या अंगाने बारीक दगडी भुकटी. त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. सिडकोने सुरुवातीच्या काळात बांधलेल्या वसाहती घरटी एक गाडी गृहीत धरून आखलेल्याच नव्हत्या. त्यामुळे या भागातली जुनी गाडी बहुधा रस्त्याच्या कडेला, गुलमोहराच्या नाहीतर पर्जन्यवृक्षाच्या खाली, बारा महिने उघड्यावर उभी असते. सावली मिळते, पण बारीक पानांचा चुरा काचेच्या रबरापाशी साचत राहतो. धूळ, मीठ, पाणी आणि पालापाचोळा हे चारही दरवाजाच्या आत कसे पोचतात, ते पाहण्यासारखे आहे.

दरवाजा जलरोधक असतो ही समजूत चुकीची आहे. काच खाली-वर होते त्या फटीतल्या रबरी पट्टीने बरेचसे पाणी बाहेर थोपते, पण सगळे नाही. उरलेले काचेवरून घसरत दरवाजाच्या पोटात उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. पाणी आत येणार हे गृहीत धरूनच दरवाजा बनवलेला असतो. म्हणून आतल्या पॅडच्या मागे प्लास्टिकचा एक कागद चिकट गोंदाने लावलेला असतो. कागदाच्या पलीकडची बाजू ओली, अलीकडची कोरडी. गनची जागा ओल्या बाजूला, म्हणून तिचे तोंड आणि तारेचा जोड कोणत्या दिशेला आहे यालाही महत्त्व येते. आता पालापाचोळा आणि धूळ मिळून तळाची छिद्रे बुजली, किंवा गाडीच्या पोटाला अँटीरस्ट मारताना कोणी ती रंगवून टाकली, की पाण्याची वाट बंद. पाणी तळाला साचते, आतली हवा कायम दमट राहते, कॅचच्या स्प्रिंगवर तांबेरा चढतो, आणि कनेक्टरच्या पितळी पिनांवर हिरवट थर जमतो. त्यात मागच्या दुरुस्तीच्या वेळी कोणी तो प्लास्टिकचा कागद टराटरा फाडून परत न लावता पॅड ठोकले असेल, तर पाणी थेट पायाखालच्या गालिच्यात उतरते. गाडीत कुबट वास आणि लॉकची तक्रार एकाच महिन्यात सुरू झाली, तर या कागदाची चौकशी आधी करावी.

लोखंडाची तपासणी विजेशिवाय होते, आणि तिला पैसे पडत नाहीत. दरवाजा उघडा ठेवून कॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत आणायचा आणि आतली खुंटी बोटाने हळूहळू वर-खाली करायची. (नंतर हँडल ओढून कॅच परत सोडवायला विसरू नये; बंद कॅचवर दरवाजा आपटला तर कॅच आणि खांबावरची खुंटी दोन्ही बिघडतात.) खुंटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या जोराने सरकली पाहिजे. मध्येच अडखळत असेल, किंवा शेवटी बोटाने रेटावे लागत असेल, तर मोटरलाही तोच अडथळा पार करावा लागतो, आणि तिच्याकडे वेळ सेकंदापेक्षा कमी. कारखान्यात भरलेले ग्रीस इतक्या वर्षांत वाळून मेणासारखे होते, त्यात भुकटी मिसळली की ते घासणारे मलम बनते. इथे एक सार्वत्रिक चूक होते : गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा फवारा मारून मोकळे होणे. त्या फवाऱ्याने जुने ग्रीस विरघळते, दोन दिवस लॉक लोण्यासारखे चालते आणि मग कोरडे पडते, कारण ते तेल मुळात धुण्यासाठी असते, टिकण्यासाठी नव्हे. आधी त्याने धुवावे, पुसावे आणि नंतर कॅचमध्ये पांढरे लिथियम ग्रीस थोडेसे भरावे. प्लास्टिकच्या भागांना सिलिकॉनचे ग्रीस चालते. दांड्यांच्या टोकांच्या प्लास्टिक क्लिपाही पाहाव्यात. त्या उन्हाने ठिसूळ होतात आणि एखादी तुटली तर दांडी नुसतीच लोंबत राहते.

लोखंड ठीक निघाले तर तांब्याकडे वळायचे, आणि या साऱ्या प्रकरणातला सर्वांत रंजक भाग हाच आहे. दरवाजा आणि खांब यांच्यामध्ये, बिजागरीजवळ, घड्यांची एक रबरी नळी दिसते. दरवाजात जाणाऱ्या सगळ्या तारा तिच्यातून जातात. दरवाजा प्रत्येक वेळी उघडताना त्या तारा वाकतात, मिटताना सरळ होतात. रोज दहा वेळा उघडझाप धरली तरी वर्षाला साडेतीन हजारांहून अधिक, पंधरा वर्षांत पन्नास हजारांच्या पुढे. तांबे वाकून वाकून कडक होते आणि तारेतले बारीक धागे एकेक करून तुटू लागतात. गंमत अशी, की वरचे प्लास्टिकचे आवरण शाबूत राहते, त्यामुळे नुसते पाहून काहीच कळत नाही. सगळ्यांत जास्त वेळा उघडला जातो ड्रायव्हरचा दरवाजा, म्हणून तिथल्या तारा आधी जातात. आणि बाकीच्या दरवाजांना खबर देणारा स्विचही नेमका त्याच दरवाजात. एका ठिकाणी तार तुटते आणि चारही दरवाजे मुके होतात ते यामुळे. अशा वेळी चार गन बदलणे म्हणजे खर्चाची आणि चुकीची परिसीमा.

तुटणाऱ्या तारेचे आणखी एक सोंग असते. ती एकदम मरत नाही. तुटलेली टोके आवरणाच्या आत एकमेकांना ओझरती टेकत राहतात, त्यांच्यावर गंज चढतो, आणि वीज जाते पण कुढत. समजा मोटरच्या गुंडाळीचा रोध ३ ओहम आहे. दांडी जागची हलताना, म्हणजे मोटर अजून फिरू लागलेली नसताना, १२ व्होल्टवर तिला ४ अँपिअर प्रवाह मिळेल. वाटेतल्या कुजक्या जोडाने आणखी ३ ओहमची भर घातली, तर प्रवाह उरेल २ अँपिअर, आणि मोटरचा जोर प्रवाहाच्या प्रमाणात असल्याने तोही निम्मा. निम्म्या जोराची मोटर टक्क असा आवाज करते, पण दांडी पुरती हलत नाही. ऐकणारा म्हणतो, वीज तर पोचते आहे, म्हणजे मोटरच दमली. मल्टिमीटर लावणाराही इथे फसतो, कारण मीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही. प्रवाह नाही तर त्या ३ ओहमवर व्होल्टेज पडतही नाही, आणि मीटर निरागसपणे बारा व्होल्ट दाखवतो. इथे उपयोगी पडतो तो ब्लिंकरचा साधा २१ वॅटचा बल्ब. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. गनच्या कनेक्टरला तो जोडून लॉकचे बटण दाबले आणि तो लख्ख चमकला, तर तार ठीक आहे. मिणमिणला तर दोष वाटेत आहे. बटण दाबत असताना दुसऱ्या माणसाने ती रबरी नळी हलवत राहावे, तिच्यासोबत उजेड कमी-जास्त झाला तर जागाही सापडली. ज्या गाडीच्या दरवाजात एअरबॅगशी संबंधित पिवळ्या आवरणाच्या तारा आहेत, तिथे मात्र त्या तारांना बल्ब चुकूनही लावू नये.

तार जोडण्याची रीतही महत्त्वाची. वायरिंगवाल्यांमध्ये सोल्डर म्हणजे पक्के काम असा समज आहे, आणि न हलणाऱ्या जागी तो बरोबरच आहे. पण सोल्डर तारेच्या धाग्यांमध्ये भिनून तेवढा भाग सळईसारखा ताठ करतो. तो भाग रबरी नळीत आला, तर वाकण्याचा सगळा ताण सोल्डर संपतो त्या रेषेवर येतो आणि तार तिथेच पुन्हा तुटते. म्हणून खराब तुकडा दोन्ही बाजूंना लांबपर्यंत कापून मधे बारीक धाग्यांची लवचीक नवी तार घालावी, आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक दरवाजात आणि एक खांबाच्या आत, थोडे मागेपुढे ठेवावेत. वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. काळी इन्सुलेशन टेप इथल्या मे महिन्यात गोंद सोडते आणि जुलैत पाणी धरते. बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट पाहावी : तार नेण्यासाठी पत्र्याला भोक पाडले आणि त्याला रबरी वॉशर बसवला नाही, तर पत्र्याची धार आवरण कापत जाते. फ्यूज वारंवार उडत असेल तर संशय तिथे घ्यावा. मोठ्या अँपिअरचा फ्यूज टाकून गप्प बसणे हा उपाय नव्हे. फ्यूज वाचतो, तार पेटते.

एवढे पाहिल्यावर लक्षणे ऐकून बऱ्याच गोष्टी पॅड न उघडता सांगता येतात. चारही दरवाजे गप्प असतील तर फ्यूज, युनिट किंवा ड्रायव्हरचा दरवाजा. तीन चालतात आणि एक नाही, तर तो एकच. किल्लीने किंवा खुंटीने सगळे दरवाजे ऐकतात पण रिमोट ऐकत नाही, तर रिमोटमधला बटण सेल. एवढ्यासाठी गॅरेज गाठणारे कमी नाहीत. लॉक होऊन लगेच पुन्हा उघडत असतील, तर बहुधा ड्रायव्हरच्या गनमधला स्विच 'झाले' ही खबर देत नाही, किंवा दांडी अर्ध्यावर अडल्यामुळे युनिटला उलटीच खबर जाते. सकाळी पहिल्यांदा चालत नाही आणि गाडी सुरू झाल्यावर चालते, तर गाडीची बॅटरी तपासावी.

मोटर खरोखरच जाते तेव्हाही त्याची ओळख पटते. गुणगुण आवाज पूर्ण येतो, दांडी गनपासून सुटी करून पाहिली तरीही गनचे टोक हलत नाही, म्हणजे आतले प्लास्टिकचे दाते झिजले. बल्ब लख्ख पेटतो पण मोटर मुकी, म्हणजे कार्बनचे ब्रश संपले किंवा ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर ते घासतात त्या काळ्या पडल्या. मात्र एक सावधगिरी. अनेक गनमध्ये मोटर तापू नये म्हणून एक छोटा संरक्षक भाग असतो. ओळीने दहा-पंधरा वेळा बटण दाबून चाचणी घेतली की तो वीज अडवतो आणि गार झाल्यावर पुन्हा सोडतो. चाचणीच्या उत्साहात चांगली गन मेलेली ठरते ती अशी. गन बदलायचीच ठरली, तर कॅचच्या डब्यात मोटर बंद असलेल्या प्रकारात पूर्ण डबा बदलावा लागतो, आणि बंद झालेल्या मॉडेलसाठी तो कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शोधावा लागतो. तिथला डबाही याच दमट हवेतल्या गाडीतून निघालेला असतो. तेव्हा दुकानातच १२ व्होल्टच्या बॅटरीवर दोन्ही दिशांनी चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

यावर गॅरेजवाल्याचा आक्षेप रास्त आहे. तो म्हणेल, गन काही शे रुपयांची, आणि तुम्ही सांगता ती तपासणी दोन तासांची. गिऱ्हाईक तपासणीचे पैसे देत नाही, मालाचे देते. हे खरे आहे, आणि दोष एकट्या मेस्त्रीचा नाही. आपण निदानाला फुकट समजतो, म्हणून निदान होत नाही. पण हिशेब गनच्या किमतीपाशी संपत नाही. पॅड प्रत्येक वेळी काढताना दोन-चार क्लिपा तुटतात, जुन्या मॉडेलच्या क्लिपा सहज मिळत नाहीत, मग पॅड खडखडते; प्लास्टिकचा कागद फाटतो; आणि नव्या गनला तोच कुजका जोड आणि तेच अडखळते लॉक मिळाले की तीही लवकर थकते. दोन तासांची मजुरी एकदाच द्यावी लागते. गनची किंमत आणि पॅडची मोडतोड मात्र जितक्या वेळा दुखणे परत येते तितक्या वेळा भरावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हे लॉक हवेच कशाला? फ्यूज काढा आणि किल्लीने गाडी लावा, पूर्वी सगळे तेच करत होते. वर्ष-दोन वर्षांत भंगारात जाणार असलेल्या गाडीसाठी हा सल्ला चांगला आहे, फक्त त्याच फ्यूजवर आतला दिवा किंवा हॉर्न तर नाही ना, हे पाहावे. पण किल्लीची वाट अजून जिवंत आहे हे गृहीत धरू नये. रिमोट वापरणाऱ्या घरात किल्लीचे भोक वर्षानुवर्षे वापरलेलेच नसते. खारट हवेत आतल्या पितळी पट्ट्या जाम होतात, आणि बॅटरी उतरलेल्या दिवशी किल्ली अर्धी फिरून तुटते. उजवीकडचे किल्लीचे भोक तेवढे कंपनीने ठेवलेले असते, डावीकडचे बऱ्याच गाड्यांना नसतेही. आणि ही गाडी ठेवायचीच कशाला, असा तिसरा आक्षेप असेल, तर त्याला कायद्याचे उत्तर आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, शिवाय पर्यावरण कर द्यावा लागतो. पण दिल्लीत गाडीच्या वयावरून आले तसे निर्बंध महाराष्ट्रात नाहीत. एवढे पैसे भरून ज्याने एमएच ४३ची पाटी टिकवली, त्याने दरवाजे चालू ठेवणे साहजिक आहे.

पण शहाणपणाच्या हिशेबापलीकडे किल्ली-खुंटीची यांत्रिक वाट जिवंत ठेवायला एक गंभीर कारण आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्या रात्री मुंबईत पाण्यात अडकलेल्या गाड्यांतच काही जणांचा मृत्यू झाला. दरवाजे आणि काचा उघडल्या नाहीत. तेव्हापासून ऑटो लॉकवर सगळा दोष टाकण्याची पद्धत पडली. ती अर्धीच खरी आहे. दरवाजाच्या एक मीटर रुंदीवर बाहेरून अर्धा मीटर पाणी चढले, तर त्याचा एकूण रेटा सुमारे सव्वाशे किलो वजनाइतका होतो. लॉक उघडे असले तरी असा दरवाजा आतून ढकलणे अवघडच. तरीही लॉकचा भाग उरतोच, कारण पाणी कमी असतानाची, पहिल्या काही मिनिटांची संधी त्याच्यामुळे हुकते. पुढे एआयएस-१४५ या मानकानुसार १ जुलै २०१९पासून नव्या प्रवासी गाड्यांना सेंट्रल लॉकिंग हाताने उघडता येण्याची सोय सक्तीची झाली, आणि त्याच तारखेपासून टॅक्सीत चाइल्ड लॉक ठेवायला मनाई झाली. त्याआधीच्या गाड्यांना हा नियम लागू नाही. तिथे हाताची वाट शाबूत आहे की नाही हे मालकालाच पाहावे लागते, आणि बाहेरून बसवलेल्या किटमध्ये तर विशेष, कारण वाकडी बसलेली गन किंवा अडकलेली दांडी खुंटीलाच वर येऊ देत नाही.

या हाताच्या वाटेची तपासणी अवघड नाही. पावसाळ्याआधी, दरवाजाच्या तळाची छिद्रे तारेने मोकळी करताना, हीदेखील उरकता येते. एका दरवाजाची काच पूर्ण खाली घ्यावी, किल्ली खिशात ठेवावी, चारही दरवाजे लॉक करावेत आणि मग सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज काढून घ्यावा. आत बसून एकेक खुंटी उचलून एकेक दरवाजा आतल्या हँडलने उघडावा. नंतर बाहेरून किल्लीने ड्रायव्हरचा दरवाजा दोनदा लावावा-उघडावा. जो दरवाजा इथे अडतो त्याला वीज लावून उपयोग नाही. मागच्या दरवाजांच्या कडेला चाइल्ड लॉकची छोटी कळ असते, ती आधी सोडून घ्यावी. ती लागलेली असेल तर चांगला दरवाजाही आतून उघडणार नाही, आणि गॅरेजात पुन्हा एकदा गन गेल्याचे निदान होईल.